ब्रेक आणि ॲक्सिलरेटर एकदम दाबले तर? आपली इलेक्ट्रिक गाडी स्वतः तपासून पाहा

दोन्ही पेडलं एकदम दाबली गेली, तर आजच्या बहुतेक इलेक्ट्रिक गाड्या ब्रेकचं ऐकतात आणि मोटरचा जोर काढून घेतात. हे उत्तर बरोबर आहे, पण अपुरं आहे. हा जोर नेमका कधी काढला जातो, हळू वेगात वेगळं काही होतं का, आणि ब्रेक सोडल्यावर जोर आपोआप परत येतो की नाही, हे गाडीगणिक बदलतं. गाडी ताब्यात देताना टचस्क्रीन, मोबाइल ॲप आणि सनरूफ यांची माहिती भरपूर मिळते. पायाखाली काय होणार, हे मात्र आपणच विचारावं लागतं.

आपल्याकडे याची निकड जास्त आहे, कारण इलेक्ट्रिक गाडी घेणारी बरीच मंडळी वर्षानुवर्षं मॅन्युअल गिअरची गाडी चालवून आलेली असतात. त्यांचा डावा पाय रिकामा बसत नाही. गाडी हळू करायची वेळ आली की तो सवयीने क्लच शोधतो, आणि तिथे आता ऑटोमॅटिकचं रुंद ब्रेक पेडल असतं. क्लच जसा तळापर्यंत दाबतात तसा ब्रेक दाबला जातो, उजवा पाय अजून ॲक्सिलरेटरवरच असतो. झाली दोन्ही पेडलं एकदम! याशिवाय रुंद तळाचे बूट, एकावर एक टाकलेली फुटमॅट, सीटखालून घरंगळत आलेली पाण्याची बाटली ही कारणंही आहेतच.

आत काय घडतं

इलेक्ट्रिक गाडीच्या ॲक्सिलरेटरला केबल नसते. पेडलच्या बुडाशी दोन सेन्सर असतात आणि दोघे एकाच हालचालीचे वेगवेगळे सिग्नल पाठवतात. बऱ्याच गाड्यांत एकाचा व्होल्टेज दुसऱ्याच्या निम्मा ठेवलेला असतो. गाडीचा मुख्य कंट्रोलर दोन्ही आकडे सतत ताडून पाहतो. ते जुळले नाहीत की पेडलवर विश्वास ठेवायचा नाही आणि जोर कमी करायचा किंवा तोडायचा, असं त्याला शिकवलेलं असतं. आकडे जुळले तर तो इन्व्हर्टरला (बॅटरीची वीज मोटरला पुरवणाऱ्या भागाला) सांगतो की मोटरला इतका टॉर्क, म्हणजे फिरवणारा जोर, दे.

ब्रेकचं तसं नाही. पेडलपाशी स्विच आहे, तेलाचा दाब मोजणारा सेन्सर आहे, त्यामुळे कंट्रोलरला ब्रेक दाबल्याचं कळतं. पण बहुतेक गाड्यांत पेडलपासून चाकापर्यंत तेलाची नळीही आहे. म्हणजे दोन्ही पेडलं दाबल्यावर दोन गोष्टी घडतात. तेलाच्या दाबाने ब्रेक पॅड डिस्कला पकडतात, आणि सॉफ्टवेअर मोटरची मागणी शून्यावर आणतं. या दुसऱ्या गोष्टीला ब्रेक ओव्हरराइड म्हणतात.

हा नियम किती नेमका लिहिता येतो हे पाहायचं असेल तर इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांच्या फॉर्म्युला एसएई स्पर्धेचं नियमपुस्तक उघडावं. तिथल्या इलेक्ट्रिक गाड्यांसाठी अट अशी आहे: ब्रेक लागलेला असताना ॲक्सिलरेटर 25 टक्क्यांहून जास्त दाबलेला दिसला, तर मोटरची ताकद तोडायची, आणि ॲक्सिलरेटर 5 टक्क्यांच्या खाली येईपर्यंत ती परत द्यायची नाही, मधल्या काळात ब्रेक सोडला असला तरीही. या वाक्यातला शेवटचा भाग फार मोलाचा आहे. गोंधळलेला माणूस ब्रेकवरचा पाय आधी उचलतो. त्या क्षणी उजवा पाय ॲक्सिलरेटरवर तसाच असेल आणि जोर परत आला, तर गाडी पुन्हा झेपावणार. म्हणून त्या नियमात आधी ॲक्सिलरेटर सोडायला लावलं आहे. रस्त्यावरच्या सगळ्याच गाड्या इतक्या कडक नसतात. आपली गाडी या बाबतीत काय करते, हे खाली दिलेल्या चाचणीतून कळतं.

ब्रेक जिंकतो का?

ओव्हरराइड नाहीच असं क्षणभर धरून हिशेब करू. मोटरचा टॉर्क 250 न्यूटन-मीटर, गिअरमुळे तो चाकाशी वाढतो साधारण 9 पट, चाकाची त्रिज्या 0.32 मीटर. रस्त्यावर गाडी पुढे ढकलणारं बल होतं सुमारे 7,000 न्यूटन. दुसरीकडे 1,600 किलोची गाडी कोरड्या रस्त्यावर जोरात ब्रेक मारल्यावर सेकंदाच्या वर्गाला 9 मीटर या दराने मंदावते, म्हणजे मागे खेचणारं बल सुमारे 14,400 न्यूटन. ब्रेक दुपटीने बलवान. गाडी थांबणार, पण लांब जाऊन: ताशी 60 किमीवरून साधारण 15 मीटरमध्ये थांबणारी गाडी या ढोबळ हिशेबाने 30 मीटर घेईल. सोसायटीच्या फाटकात ते 15 मीटर म्हणजे सगळंच.

आणि हा हिशेब ब्रेक पूर्ण ताकदीने दाबल्याचा आहे. डावा पाय नुसता टेकलेला आणि उजवा पाय खोल गेलेला असेल, तर ओव्हरराइडशिवाय मोटरच जिंकेल. सॉफ्टवेअरची गरज तिथे आहे.

पेट्रोल गाडीपेक्षा इलेक्ट्रिक गाडी एका बाबतीत सुरक्षित आहे. 28 ऑगस्ट 2009 रोजी अमेरिकेत सॅन दिएगोजवळ लेक्सस ईएस 350 गाडीला मोठा अपघात झाला आणि चौघे गेले. दुसऱ्याच मॉडेलचं फुटमॅट गाडीत टाकलेलं होतं, त्यात ॲक्सिलरेटर अडकला. बहुतेक पेट्रोल गाड्यांत ब्रेकला मदत करणारा व्हॅक्यूम इंजिनातूनच येतो. थ्रॉटल (इंजिनात हवा सोडणारी झडप) पूर्ण उघडा असताना तो व्हॅक्यूम तयार होत नाही, आणि ब्रेक दोनचार वेळा सोडून-दाबून पाहिला की साठलेला व्हॅक्यूमही संपतो. मग पेडल दगडासारखं कडक होतं. या प्रकरणानंतर टोयोटाने आपल्या नव्या गाड्यांत ब्रेक ओव्हरराइड द्यायला सुरुवात केली. इलेक्ट्रिक गाडीत ब्रेकची मदत विजेच्या व्हॅक्यूम पंपाकडून किंवा विजेच्या बूस्टरकडून येते. ॲक्सिलरेटर किती दाबलाय याच्याशी तिचा संबंध नाही.

दुसऱ्या बाबतीत इलेक्ट्रिक गाडी जास्त धोक्याची आहे. तिला शून्य वेगापासून पूर्ण टॉर्क मिळतो आणि इंजिनाचा आवाज नसतो. पेट्रोल गाडी रेस झाली की कानाला आधी कळतं. इथे कळेपर्यंत गाडी समोरच्या खांबापर्यंत पोचलेली असते.

गाडी तपासायची कशी

आधी गाडीचं मॅन्युअल काढा. छापील नसेल तर कंपनीच्या ॲपमध्ये किंवा संकेतस्थळावर असतं. ब्रेक ओव्हरराइड, क्रीप (ब्रेक सोडल्यावर गाडीचं आपोआप हळू सरकणं), ऑटो होल्ड (उभी गाडी पाय न ठेवता ब्रेकवर धरून ठेवणं), रीजन (ॲक्सिलरेटरवरून पाय उचलल्यावर मोटरने गाडी मंदावून वीज बॅटरीत परत भरणं) आणि चालत्या गाडीत न्यूट्रल कसा टाकायचा, एवढी पाच प्रकरणं वाचा. दोन्ही पेडलं दाबल्यावर येणाऱ्या इशाऱ्याचा उल्लेख इशाऱ्यांच्या यादीत सापडतो. टेस्लाने तर जानेवारी 2020 मध्ये जाहीरपणे सांगितलं होतं की दोन्ही पेडलं दाबली तर त्यांच्या गाड्या ॲक्सिलरेटरचं न ऐकता मोटरचा टॉर्क तोडतात. कंपनीने स्पष्ट लिहिलं असेल तर चाचणी फक्त खात्रीसाठी उरते.

जागा सपाट, कोरडी आणि रिकामी हवी. समोर निदान शंभर मीटर काहीही नको: भिंत नाही, झाड नाही, क्रिकेट खेळणारी मुलं नाहीत. सोसायटीचं पार्किंग यासाठी अजिबात चालणार नाही. सोबतीला शेजारच्या सीटवर एक जण बसवा, दोघांनीही बेल्ट लावा. मीटरकडे त्याने बघायचं, तुम्ही समोर बघायचं. गाडी इको मोडवर ठेवा. ट्रॅक्शन कंट्रोल (चाकं घसरू न देणारी यंत्रणा) बंद करू नका. बूट पातळ तळाचे घाला.

1. उभ्या गाडीत उजव्या पायाने ॲक्सिलरेटर आणि डाव्या पायाने ब्रेक, दोन्हींवर पाय नीट पोचतात का ते गाडी बंद असताना पाहा. डाव्या पायाला ब्रेक हळू दाबण्याची सवय नसते. बंद गाडीत चारपाच वेळा दाबून अंदाज घ्या.

2. गाडी सुरू करा, डी (पुढे जाण्याचा गिअर) टाका, ब्रेक घट्ट दाबून ठेवा. आता ॲक्सिलरेटर फक्त चवथाई दाबा, एक-दोन सेकंद, आणि सोडा. सोबत्याने किलोवॅटचा काटा किंवा पॉवरची पट्टी पाहायची. काटा शून्यावरच राहिला तर उभ्या गाडीत ओव्हरराइड काम करतो. काटा हलला, गाडीचं नाक किंचित उचललं गेलं, तर तुमची गाडी ब्रेक आधी दाबलेला असताना थोडा टॉर्क देते. हा दोष असेलच असं नाही. चढावर निघताना मागे सरकू नये म्हणून किंवा वेगाने सुटण्याच्या मोडसाठी काही कंपन्या तशी सोय ठेवतात. टेस्लाच्या काही गाड्यांत आणि ह्युंदाईच्या आयोनिक 5 एनमध्ये लाँचसाठी मुद्दाम दोन्ही पेडलं दाबावी लागतात. आपल्या गाडीत असं होतं, एवढं माहीत हवं.

3. आता ताशी 15 ते 20 किमी. मागे कुणी नाही याची खात्री करा. उजवा पाय ॲक्सिलरेटरवर हलका, स्थिर. डाव्या पायाने ब्रेक हळूहळू दाबत जा. इथे जे दिसतं ते एकदा नीट पाहण्यासारखं आहे: उजवा पाय जागचा हललेला नाही, तरीही पॉवरचा काटा झर्रकन शून्यावर येतो, काही गाड्यांत पडद्यावर सूचना उमटते, आणि गाडी नेहमीच्या ब्रेकसारखी थांबते. मोटर ढकलते आहे आणि ब्रेक अडवतो आहे अशी ओढाताण जाणवत नाही. ती जाणवली, काटा वरच राहिला, तर आधी उजवा पाय उचला, नेहमीसारखी गाडी थांबवा आणि चाचणी तिथेच संपवा.

4. शेवटची चाचणी सगळ्यांत उपयोगी. तिसऱ्या चाचणीसारखंच करा, पण गाडी थांबायच्या आधी ब्रेक सोडा आणि ॲक्सिलरेटर अगदी किंचित दाबलेला राहू द्या. जोर परत आला का? लगेच आला, हळूहळू आला, की ॲक्सिलरेटर सोडून पुन्हा दाबेपर्यंत आलाच नाही? जोर आपोआप परत येत असेल, तर घरातल्या प्रत्येक चालकाला सांगून ठेवा: दोन्ही पेडलं दाबली गेली तर ब्रेक सोडायचा नाही, आधी उजवा पाय वर.

एवढ्यावर थांबा. दोन्ही पेडलं तळापर्यंत दाबून बघण्याचा मोह टाळा, आणि भिंतीला टेकवून तर कधीच करू नका. उभ्या गाडीत मोटरवर जोर दिला की मोटर फिरत नाही पण प्रवाह वाहतो, तोही मोटरमधल्या तारेच्या ठराविक वेटोळ्यांमधून आणि इन्व्हर्टरच्या ठराविक स्विचमधूनच. तिथे उष्णता साठते. कंट्रोलर काही सेकंदांत जोर कमी करतो, पण ती परीक्षा मैदानावर घ्यायचं कारण नाही. याच कारणासाठी घाटात ट्रॅफिक अडकल्यावर गाडी ॲक्सिलरेटरवर तोलून धरू नये. मॅन्युअल गाडीत अर्ध्या क्लचवर गाडी धरायची सवय असलेले लोक हे हमखास करतात. ऑटो होल्ड असेल तर तो लावा, नसेल तर ब्रेकवर पाय ठेवा.

ओव्हरराइड जिथे कामाला येत नाही

आता मला जे मुळात सांगायचं आहे ते. ब्रेक ओव्हरराइड ब्रेक दाबल्याशिवाय जागा होत नाही. ब्रेक समजून फक्त ॲक्सिलरेटर दाबला गेला, तर कंट्रोलरला एकच स्वच्छ आज्ञा मिळते आणि तो ती पाळतो. बऱ्याच अपघातांनंतर चालक शपथेवर सांगतो की मी ब्रेक दाबत होतो आणि गाडी पळतच गेली. तो खोटं बोलत नसतो. पाय कुठे आहे हे घाबरलेल्या माणसाला कळत नाही. मग तो आणखी जोराने दाबतो.

टेस्लाच्या गाड्या आपोआप पळतात अशा तक्रारींवर अमेरिकेच्या वाहन सुरक्षा संस्थेने जानेवारी 2021 मध्ये निर्णय दिला. ज्या अपघातांची गाडीतली नोंद उपलब्ध होती, त्यांत चुकीचं पेडल दाबलं गेल्याचंच दिसत होतं. टोकियोत एप्रिल 2019 मध्ये इकेबुकुरो भागात 87 वर्षांच्या चालकाच्या हायब्रिड गाडीने एका आईचा आणि तिच्या लहान मुलीचा जीव घेतला. गाडीत बिघाड झाला असं चालकाचं म्हणणं होतं. न्यायालयाने ॲक्सिलरेटर चुकून दाबला गेल्याचं मान्य केलं. जपानने पुढे यावर जागतिक पातळीवर नियम व्हावा म्हणून जोर लावला. आता संयुक्त राष्ट्रांचा वाहन नियम क्रमांक 175 त्यासाठीच आहे: समोर अडथळा असताना उभ्या गाडीचा ॲक्सिलरेटर जोरात दाबला, तर गाडीने जोर आवरायचा. जपानमध्ये सप्टेंबर 2028 पासून नव्या ऑटोमॅटिक गाड्यांना ही सोय सक्तीची होते आहे. आपल्याकडे गाडी घेताना असं काही आहे का, हे सेल्समनला जरूर विचारा. समोर टक्कर होण्याआधी ब्रेक लावणारी यंत्रणा वेगळी, ही वेगळी.

पायाला लावायच्या सवयी

एका पेडलवर गाडी चालवण्याचं सुख खरं आहे. रीजन जास्त ठेवला की शहरात ब्रेक क्वचित लागतो. पण त्यामुळे उजवा पाय तासभर ॲक्सिलरेटरवरच राहतो, आणि अचानक कुणी आडवं आलं की तो जिथे आहे तिथेच खाली जाण्याची शक्यता वाढते. म्हणून गर्दीच्या गल्लीत, फाटकात आणि पार्किंगमध्ये शिरताना रीजन कमी करा आणि पाय ब्रेकवर आणून ठेवा. तिथे क्रीपवर गाडी चालते. ॲक्सिलरेटरची गरजच नसते. ज्या गाडीत क्रीप बंद करता येतो, तिथे नव्या चालकासाठी तो चालू ठेवा.

टाच जमिनीवर ब्रेकच्या रेषेत टेकवा आणि पंजा फिरवून ॲक्सिलरेटरवर न्या. टाच उचलून पाय नेला की परत येताना जागा चुकते. मागे वळून रिव्हर्स घेताना शरीर पिळलं जातं आणि पाय सरकतो, म्हणून रिव्हर्समध्ये कॅमेऱ्यावर आणि आरशांवर भर द्या, धड सरळ ठेवा.

डावा पाय डाव्या बाजूच्या पट्टीवर. तिथेच. काही जण ऑटोमॅटिक गाडी दोन पायांनी चालवतात आणि त्यांना ते सोयीचं वाटतं. पण डावा पाय ब्रेकवर नुसता टेकलेला राहिला तरी मागचे दिवे पेटून राहतात, मागच्याला तुम्ही कधी थांबता ते कळत नाही, पॅड तापतात, आणि कंट्रोलर मधूनच जोर काढून घेतो. गाडी ओव्हरटेक करताना अचानक ढेपाळते अशी तक्रार घेऊन आलेल्या माणसाचा डावा पाय आधी पाहावा.

बॅटरी पूर्ण भरलेली असताना रीजन कमी मिळतो, कारण परत आलेली वीज ठेवायला जागा नसते. लोणावळ्यात गाडी काठोकाठ चार्ज करून लगेच खोपोलीकडे घाट उतरायला लागलात, तर पाय उचलल्यावर नेहमीइतकी गाडी मंदावणार नाही. असा अनपेक्षित क्षणच पायाची गफलत घडवतो. घाट उतरायचा असेल तर चार्जिंग थोडं आधी थांबवा, आणि पहिल्या वळणाआधी ब्रेक दाबून पाहा.

फुटमॅट एकच ठेवा, हुकात अडकवलेलं. पावसाळ्यात त्यावर वर्तमानपत्र पसरतात, तेही नको. ओला कागद पेडलखाली गोळा होतो.

गाडी पळालीच तर

उजवा पाय पूर्ण उचला, सगळ्या पेडलांवरून. मग तो ब्रेकवर घट्ट दाबा आणि धरून ठेवा. सोडून-दाबून करू नका. थांबत नसेल तर न्यूट्रल टाका. काही गाड्यांत एन साठी नॉब किंवा दांडी क्षणभर धरून ठेवावी लागते, ते आधीच मैदानात करून ठेवा. विजेचा पार्किंग ब्रेक असेल तर त्याचं बटण ओढून धरून ठेवा. बहुतेक गाड्यांत चालत्या अवस्थेत तो आणीबाणीचा ब्रेक म्हणून काम करतो. टियागो ईव्हीसारख्या हाताने ओढायच्या हँडब्रेकच्या गाडीत तो हळूहळू ओढा, झटक्याने ओढला तर मागची चाकं लॉक होतील. पी (पार्किंग) टाकायचा प्रयत्न करू नका.

इलेक्ट्रिक स्कूटरवाल्यांसाठीही एक गोष्ट. बहुतेक स्कूटरच्या ब्रेक लिव्हरमध्येच मोटर तोडणारा स्विच असतो, त्यामुळे लिव्हर दाबलेला असताना थ्रॉटल पिळून काही होत नाही. चढावर ब्रेक धरून थ्रॉटल पिळायचा आणि मग ब्रेक सोडायचा, ही पेट्रोल स्कूटरची युक्ती इथे करू नका. काही स्कूटर ब्रेक सुटताच पिळलेल्या थ्रॉटलप्रमाणे उसळतात, काही थ्रॉटल शून्यावर आणेपर्यंत हलतच नाहीत. हिल होल्ड (चढावर गाडी मागे सरकू न देणारी सोय) असेल तर तो वापरा.

चाचणीत ओव्हरराइड काम करत नाही असं वाटलं, किंवा दोन्ही पेडलांचा इशारा पाय न लागताच येत असेल, तर ब्रेक स्विच किंवा पेडल सेन्सरची तपासणी हवी. सर्व्हिस सेंटरला जाताना तारीख, वेळ, वेग, ड्राइव्ह मोड, रीजनची पातळी आणि बॅटरीची टक्केवारी लिहून न्या. सोबत्याने मीटरचं चित्रीकरण केलेलं असेल तर तेही दाखवा. गाडीच्या कंट्रोलरमधले फॉल्ट कोड वाचून त्याची छापील प्रत मागा, आणि सॉफ्टवेअर बदललं तर आधीची व नंतरची आवृत्ती जॉब कार्डावर लिहून घ्या. सॉफ्टवेअर बदलल्यावर पेडलांचं वागणं बदलू शकतं, म्हणून चाचणी क्रमांक तीन आणि चार पुन्हा करा.